एकुशे (म्हणजे एकवीस) फेब्रुवारी: ढाक्याचा शहीद दिन, त्यामागचा घटनाक्रम आणि कार्यक्रम करताना होणाऱ्या चुका

नदीकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी लागला की शाळांच्या आणि मंडळांच्या गटांत एक मजकूर फिरतो: ‘बांगलादेशच्या लोकांनी उर्दू हटवण्यासाठी आंदोलन केलं, २१ फेब्रुवारीला विद्यार्थी मारले गेले, म्हणून हा मातृभाषा दिन.’ एवढ्याशा मजकुरात तीन चुका आहेत. १९५२ साली बांगलादेश नव्हता, पूर्व बंगाल हा पाकिस्तानचा प्रांत होता. गोळीबार २१ तारखेपुरता नव्हता, २२ तारखेलाही माणसं मेली. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उर्दू हटवा अशी मागणीच नव्हती. उर्दूबरोबर बांगलालाही, म्हणजे बंगाली भाषेलाही, राष्ट्रभाषेचा दर्जा द्या, एवढंच मागणं होतं. हा धागा मुख्यतः त्यासाठी काढतो आहे, कारण ही गोष्ट निसटली की सगळ्या लढ्याचा अर्थ उलटा लागतो.

क्रम असा. फाळणीनंतर लगेच टपालाचे फॉर्म, मनीऑर्डर, नाणी यांवर इंग्रजी आणि उर्दू आली, बांगला नव्हती. सप्टेंबर १९४७ मध्ये ढाका विद्यापीठातले अध्यापक अबुल कासेम यांच्या तमद्दुन मजलिस या संस्थेने बांगलाच्या बाजूने पुस्तिका काढली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कराचीच्या संविधान सभेत पूर्व बंगालमधल्या कोमिल्लाचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी दुरुस्ती मांडली: सभेचं कामकाज इंग्रजी आणि उर्दूत चालतं, त्यात बांगलाही असावी. आधार लोकसंख्येचा होता. पाकिस्तानच्या ६ कोटी ९० लाख लोकांपैकी ४ कोटी ४० लाख बांगला बोलतात, हा आकडा त्यांनी सभेपुढे ठेवला. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. याच दत्तांना मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने कोमिल्लाच्या घरातून उचलून नेलं आणि ठार केलं.

११ मार्च १९४८ ला हरताळ आणि धरपकड झाली. पुढची चार वर्षं ‘भाषा दिन’ म्हणून ११ मार्चच पाळला जात होता. २१ मार्चला जीनांनी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर आणि २४ मार्चला कर्झन हॉलमधल्या पदवीदान समारंभात राष्ट्रभाषा फक्त उर्दूच, असं जाहीर केलं. कर्झन हॉलमध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्या तोंडावर ‘नाही, नाही’ म्हटलं. मग प्रकरण थोडं निवलं. २७ जानेवारी १९५२ ला पंतप्रधान ख्वाजा नझीमुद्दीन ढाक्याच्या पल्टन मैदानावर तेच बोलले आणि पुन्हा पेट घेतला. नझीमुद्दीन ढाक्याच्याच नवाब घराण्यातले. शिवाय १९४८ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री असताना त्यांनीच आंदोलकांशी आठ कलमी करार केला होता. त्यामुळे हा घाव अधिक लागला.

शिळाप्रेस

चांगला धागा. २० फेब्रुवारी १९५२ ची रात्र आणि २१ चा दिवस जरा सविस्तर मांडतो, कारण कार्यक्रमांत हा भाग ‘मोर्चा निघाला आणि गोळ्या झाडल्या’ असा उरकला जातो.

आंदोलनासाठी २१ तारीख निवडण्यामागे कारण होतं: त्या दिवशी प्रांतिक विधानसभेचं अधिवेशन होतं. २० च्या संध्याकाळी सरकारने १४४ कलम लावलं. त्या रात्री नवाबपूर रोडवर सर्वपक्षीय कृती समितीची बैठक झाली आणि बहुमताने ठरलं की जमावबंदी मोडायची नाही. निवडणुका लांबणीवर टाकायला सरकारला निमित्त मिळेल, अशी पक्षनेत्यांची भीती होती. विद्यार्थ्यांना हे मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या कला शाखेच्या आवारात, आंब्याच्या झाडाखाली सभा भरली. अध्यक्ष गाजीउल हक. अब्दुल मतीन यांनी १४४ मोडण्याची बाजू मांडली आणि सभेने ती उचलून धरली.

पद्धत नीट लक्षात घ्या. एकदम हजारोंनी बाहेर पडायचं नाही, दहा-दहा जणांच्या तुकड्यांनी फाटकातून निघायचं आणि अटक करून घ्यायची. मुलींच्या तुकड्याही होत्या. हलीमा खातून, शाफिया खातून, रौशन आरा बाच्चू ही नावं त्या दिवसाशी जोडलेली आहेत. पोलिसांनी आधी ट्रक भरले, मग लाठ्या आणि अश्रुधूर. जमाव शेजारच्या मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाकडे सरकला. तिथून विधानसभा जवळ, म्हणून सगळा ताण त्याच कोपऱ्यावर आला. दुपारी तीन वाजून गेल्यावर वसतिगृहाजवळ गोळीबार झाला.

विधानसभेत बातमी पोचल्यावर सत्ताधारी मुस्लिम लीगचेच आमदार मौलाना अब्दुर रशीद तर्कबागीश यांनी कामकाज थांबवून मुख्यमंत्री नूरुल अमीन यांनी आधी रुग्णालयात जावं, असा आग्रह धरला आणि अखेर सभात्याग केला. दुसऱ्या दिवशी, २२ ला, त्याच विधानसभेने बांगलाला राष्ट्रभाषा करण्याची शिफारस करणारा ठराव संमत केला. बाहेर त्याच दिवशी पुन्हा गोळ्या चालल्या.

आगाशी

नावांबाबत थोडी काळजी घ्या. बहुतेक यादीत पाच नावं असतात:

रफीकउद्दीन अहमद, माणिकगंजकडचे, डोक्यात गोळी लागून जागीच गेले.
अबुल बरकत, ढाका विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करत होते, त्याच रात्री रुग्णालयात गेले.
अब्दुल जब्बार, गफरगाव (मयमनसिंह) इथले, विद्यार्थी नव्हते, सासूच्या उपचारासाठी ढाक्याला आलेले.
अब्दुस सलाम, फेणीचे, सरकारी कार्यालयात शिपाई. २१ ला जखमी झाले, नंतर रुग्णालयात वारले.
शफीउर रहमान, हायकोर्टात नोकरीला, २२ तारखेला नवाबपूर रोडवर गोळी लागली.

या पाचही जणांना २००० साली मरणोत्तर एकुशे पदक (बांगलादेशचा राष्ट्रीय सन्मान) मिळालं. पण २२ तारखेच्या मृतांत रिक्षाचालक अब्दुल अवाल आणि ओहिउल्ला नावाचा एक लहान मुलगा, राजमिस्त्रीचा पोरगा, हेही आहेत. ‘विद्यार्थी हुतात्मे’ असं सरसकट म्हटलं की शिपाई, रिक्षावाला आणि ते पोर तिघंही यादीबाहेर पडतात. फलकावर ‘भाषा-शहीद’ लिहा, ते सगळ्यांना लागू होतं.

बरकत यांचं गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं बाबला आणि शफीउर यांचं हुगळीतलं कोन्नगर. दोन्ही गावं आज भारतात आहेत. फाळणीनंतर पलीकडे गेलेली ही माणसं तिथल्या राज्यात आपल्या भाषेसाठी प्राणांना मुकली.

शेख मुजीब २१ तारखेच्या मोर्चाचं नेतृत्व करत होते, असंही काही जण लिहितात. ते चूक आहे. ते तेव्हा तुरुंगात होते आणि फरीदपूरच्या कारागृहात उपोषणावर होते. १९४८ च्या ११ मार्चला मात्र ते अटक झालेल्यांत होते.

पाटीपेन्सिल

२१ तारखेला माध्यमिक शाळेच्या मैदानावर चाळीस मिनिटांचा कार्यक्रम बसवायचा आहे: प्रभातफेरी, शहीद मिनाराची (ढाक्यातल्या स्मारकाची) प्रतिकृती, आलपना (बंगाली रांगोळी), एक गीत आणि माहितीवाचन. तीन प्रश्न. प्रतिकृतीत नेमकं काय काय असलं पाहिजे? राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवायचा का? आणि गीत बांगलातच म्हणावं का?

घाटावरची

आधी मिनार, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो.

पहिला मिनार आजच्यासारखा नव्हताच. २३ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संचारबंदीत विटा-सिमेंट जमवून एका रात्रीत साधारण १० फूट उंच आणि ६ फूट रुंद स्तंभ उभा केला. आराखडा बदरुल आलम यांचा. २६ ला पोलिसांनी तो पाडला. आजच्या मिनाराचा आराखडा हमीदुर रहमान यांचा आणि त्यात शिल्पकार नोवेरा अहमद यांचं काम आहे. बांधकाम १९५७ मध्ये सुरू झालं, १९५८ च्या मार्शल लॉने थांबलं आणि २१ फेब्रुवारी १९६३ ला बरकत यांच्या आई हसीना बेगम यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मार्च १९७१ मध्ये सैन्याने तोही पाडला. आज दिसतो तो बांगलादेशच्या स्वातंत्र्यानंतर पुन्हा बांधलेला. मूळ आराखड्यातली भित्तिचित्रं आणि रंगीत काचा त्यात नाहीत, हे वाईट झालं. नोवेरा यांचं नाव तर कित्येक वर्षं घेतलंच जात नव्हतं. तुमच्या माहितीवाचनात ते घ्याच.

रचना: पाच उभ्या चौकटी, पांढऱ्या, आत उभे गज. मधली सर्वात उंच, मूळची १४ मीटर, आणि तिचा वरचा भाग पुढे झुकलेला. दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान, सरळ. आई आणि तिची मुलं असा अर्थ लावतात. मागे लाल वर्तुळ.

मैदानासाठी १५० सेंमीची प्रतिकृती पुरे. पाऊण इंची पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, वेगळा रंग लागत नाही. पाइपवरची छापील अक्षरं थिनरच्या फडक्याने पुसून टाका. मधल्या चौकटीला ११० सेंमी सरळ, मग ४५ अंशाचा एल्बो (वाकडा जोड), पुढे ४५ सेंमी. एल्बो आणि टी चिकटवण्याआधी सगळं कोरडंच जोडून सपाट फरशीवर ठेवून बघा. दोन्ही एल्बोंचे कोन जराही वेगळे बसले तर चौकट पिळते आणि सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्रव) लागल्यावर सुटत नाही. बाजूच्या चौकटी ११५ आणि ९० सेंमी (हे मूळचं प्रमाण नव्हे, डोळ्याला जुळणारं). आतल्या गजांसाठी लाकडी पट्ट्या, चौकटीला तीन.

दोन गोष्टी हमखास फसतात. एक, झुकलेल्या डोक्याच्या वजनाने मधली चौकट पुढे कलंडते. खाली १२ मिमी प्लायवुडची पाटी घ्या, पाय मागच्या कडेजवळ बसवा म्हणजे झुकलेला भाग पाटीच्या आतच राहतो, आणि मागे पाच-पाच किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या ठेवा. दुसरं, लाल वर्तुळ. ७५ सेंमीच्या बांबूच्या कड्यावर लाल सुती कापड ताणा आणि ते चौकटीला न बांधता मागे वेगळ्या काठीवर उभं करा. चौकटीला बांधलं तर सकाळच्या वाऱ्याने सगळं एकदम आडवं होतं. रेक्झिन नको, उन्हात चकाकतं आणि फोटोत वर्तुळ पांढरं येतं.

शिळाप्रेस

आलपनेबद्दल. ढाक्यात मिनाराचं आवार आणि भोवतीचे रस्ते विद्यापीठाच्या चारुकला (ललित कला) विभागाचे विद्यार्थी रंगवतात, डांबरी रस्त्यावर, रंगाने. शाळेत आपली कोरडी रांगोळी काढू नका: प्रभातफेरी अनवाणी त्यावरूनच जाणार आणि पहिल्या वीस पावलांत ती पुसली जाणार. तांदळाची पेस्ट टिकते. एक किलो तांदूळ चार-पाच तास भिजवून गंधासारखे वाटायचे, कापडाच्या बोळ्यातून बोटावर ओघळेल इतपत पातळ करायचं, त्यात दोन चमचे विरघळवलेला डिंक घालायचा. जमीन झाडून, पुसून, पूर्ण वाळल्यावर काढा. ओली असताना रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरी उठते. म्हणून मुलं घाबरून दुहेरी रेघा ओढतात आणि मग जाड थर पोपडे होऊन निघतो. आदल्या संध्याकाळी काढून रात्रभर वाळू द्या.

आगाशी

ध्वजाचं स्पष्ट सांगते: उतरवू नका. बांगलादेशात २१ ला सरकारी सुटी असते आणि तिथला राष्ट्रध्वज अर्ध्यावर असतो (आधी टोकापर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा, संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मग खाली, ही रीत). आपल्याकडे ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा अर्ध्यावर आणायचा तर सरकारचा आदेश लागतो. शाळेने आपल्या मनाने तसं केलं तर तो नियमभंग आहे. काळी फीत छातीवर आणि एक छोटा काळा झेंडा मिनाराजवळ, एवढ्यावर काम भागतं. तिथेही काळे झेंडे लावतातच.

फलकावर ‘मातृभाषा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहू नये. जगासाठी तो मातृभाषा दिन असेल, पण ढाक्यात तो शहीद दिन आहे आणि दिवसभराची रीत शोकाची आहे: पांढरे-काळे कपडे, अनवाणी पाय, हातात फुलं. मिनाराच्या वेदीवर चप्पल घालून चढणं हा अनादर मानला जातो. प्रतिकृतीभोवतीही दोरी बांधून पायताणं बाहेर ठेवायला सांगा.

वेळ: रात्री १२ वाजून १ मिनिटाने राष्ट्रप्रमुख पुष्पचक्र वाहतात, मग रांगा लागतात त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मूळची रीत मात्र पहाटेची. १९५३ मध्ये पहिला शहीद दिन पाळला तेव्हापासून प्रभातफेरी आझिमपूरच्या कबरस्तानाकडे आणि मिनाराच्या जागी जायची. बरकत, जब्बार आणि शफीउर यांच्या कबरी तिथे आहेत. त्यामुळे शाळेची सकाळची वेळ अगदी योग्य.

गीत बांगलातच घ्या. ‘आमार भाइयेर रक्ते रांगानो’ हे अब्दुल गफ्फार चौधरी यांचं. पहिली चाल अब्दुल लतीफ यांनी लावली, आज सगळीकडे गातात ती अलताफ महमूद यांची. १९७१ च्या ऑगस्टअखेर पाकिस्तानी सैन्याने त्यांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. चाल संथ आहे. चालत गायची असल्याने पावलाच्या लयीत ठेवा, ताशा-ढोलक अजिबात नको. मुलांचं हमखास चुकतं ते दुसऱ्या फेरीला लय वाढवण्यात. पुढच्या ओळीतल्या दोन मोठ्या मुलांना पाऊल धरायला सांगा, बाकीची त्यांच्यामागे राहतात. पहिलं कडवं पुरेसं आहे.

नदीकाठ

उत्तम माहिती. आता ‘गोळीबार झाला आणि बांगलाला दर्जा मिळाला’ या समजाबद्दल. चार वर्षं लागली.

गोळीबाराच्या चौकशीला न्यायमूर्ती एलिस यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि त्याने पोलिसांची बाजू उचलून धरली. न्याय मिळाला तो मतपेटीतून. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत युक्तफ्रंटचा (मुस्लिम लीगविरोधी पक्षांच्या आघाडीचा) २१ कलमी जाहीरनामा होता. कलमांची संख्या २१ ठेवण्यामागे तीच तारीख होती आणि पहिलं कलम बांगलाला राष्ट्रभाषा करण्याचं. मिनार, २१ ची सुटी आणि मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान वर्धमान हाऊस भाषेच्या संशोधनाला देणं, हेही त्यातच होतं. मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला. नूरुल अमीन स्वतःच्या मतदारसंघात एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. वर्धमान हाऊसमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये बांगला अकादमी सुरू झाली. १९५६ च्या पाकिस्तानी संविधानाच्या २१४ व्या कलमात उर्दू आणि बांगला या दोन राष्ट्रभाषा झाल्या. १९४८ मध्ये दत्त जे मागत होते, तेच आठ वर्षांनी लिहिलं गेलं. मधल्या काळात केंद्रीय शिक्षणमंत्री फजलुर रहमान यांनी बांगला अरबी लिपीत लिहावी असाही घाट घातला होता. मुहम्मद शहीदुल्ला यांच्यासारख्या भाषापंडितांनी त्याला ठाम विरोध केला.

आणि कागदावर आलं म्हणजे वापरात आलं असं होत नाही. स्वतंत्र बांगलादेशाच्या १९७२ च्या संविधानात बांगला ही एकमेव राष्ट्रभाषा झाली, तरी कार्यालयांत आणि न्यायालयांत इंग्रजी चालूच राहिली. म्हणून १९८७ मध्ये बांगला भाषा प्रचलन कायदा करावा लागला: परराष्ट्र व्यवहार सोडून सगळं सरकारी आणि न्यायालयीन काम बांगलात. त्यानंतरही वरच्या न्यायालयांत इंग्रजीच भारी राहिली. महाराष्ट्राने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला, त्यानंतर आपल्याकडे काय काय रखडलं हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

घाटावरची

तारखेचा एक तपशील जोडते. १९५२ चा तो गुरुवार बांगला पंचांगाने ८ फाल्गुन १३५८ होता. पुढे बांगलादेशात पंचांग सुधारलं गेलं आणि २१ फेब्रुवारी ९ फाल्गुनला पडू लागली. २०१९ मध्ये महिन्यांचे दिवस पुन्हा बदलले: वैशाख ते आश्विन ३१ दिवस, फाल्गुन २९ (लीप वर्षी ३०), बाकीचे ३०. त्यामुळे २१ फेब्रुवारी परत ८ फाल्गुनवर आली. पश्चिम बंगालचं पंचांग वेगळं चालतं, तिथल्या कॅलेंडरवरून तिथी उतरवली तर चुकेल.

मावळतीकर

भारतातले दोन लढे या दिवशी सांगण्यासारखे आहेत, निदान ओझरते. मानभूम, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधला बांगलाभाषक भाग: तिथल्या लोकसेवक संघाने टुसू या लोकगीतांतून सत्याग्रह केला, १९५६ च्या एप्रिल-मेमध्ये पायी कोलकात्यापर्यंत मोर्चा नेला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला पुरुलिया पश्चिम बंगालमध्ये आलं. दुसरा आसामच्या बांगलाभाषक बराक खोऱ्यातला. आसामने १९६० मध्ये असमिया ही एकमेव राजभाषा केली. १९ मे १९६१ ला सिलचर रेल्वे स्थानकावर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, ११ जण गेले, त्यात नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली कमला भट्टाचार्य होती. त्यानंतर बराक खोऱ्यापुरती बांगला कामकाजात आली. सिलचरचे लोक १९ मे पाळतात. ती नावं २१ फेब्रुवारीच्या यादीत घुसडू नका, दोन्ही दिवसांवर अन्याय होतो.

पाटीपेन्सिल

आमच्याकडे २१ आणि २७ फेब्रुवारी एकाच फलकावर घालण्याची सूचना आली आहे. ते ठीक होईल?

आगाशी

नको. २७ हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि तो आनंदाचाच असावा. २१ ला मराठीचा गौरव हा विषय घेतला की बाकीच्या भाषा बाजूला पडतात.

युनेस्कोपर्यंत हा दिवस कसा गेला ते पाहिलं की हे कळतं. कॅनडात व्हँकुव्हरला राहणारे रफीकुल इस्लाम यांनी जानेवारी १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांना पत्र लिहिलं. पुढे त्यांनी आणि अब्दुस सलाम यांनी वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांचा गट करून मागणी लावून धरली. (या दोघांची नावं १९५२ च्या शहिदांसारखी आहेत, गल्लत करू नका.) बांगलादेश सरकारने प्रस्ताव मांडला, १७ नोव्हेंबर १९९९ ला युनेस्कोने मान्य केला आणि २००० पासून जगभर पाळणं सुरू झालं. मागणी सगळ्या मातृभाषांसाठी होती.

शिळाप्रेस

आगाशींच्या मुद्द्याला पुढे नेतो. बांगलादेशातच चाकमा, मारमा, गारो, त्रिपुरा, साद्री बोलणारी मुलं आहेत. २०१७ पासून या पाच भाषांत पूर्वप्राथमिकची पाठ्यपुस्तकं सरकारने छापली. अडलं कुठे? शिक्षकांवर. पुस्तक चाकमा लिपीत आहे आणि वर्गातल्या शिक्षकाला ती लिपी वाचता येत नाही, तर पुस्तक कपाटातच राहतं. पुस्तकाआधी शिक्षकाचं प्रशिक्षण हवं. १९४८ मध्ये जो न्याय दत्त मागत होते, तोच या मुलांचाही हक्क आहे, आणि ढाक्यातले कितीतरी लोक दर फेब्रुवारीत हे बोलून दाखवतात.

तेव्हा चाळीस मिनिटांतली दहा वर्गातल्या इतर मातृभाषांना द्या. महाराष्ट्रातल्या शाळेत भिली, गोंडी, कोरकू, वडारी, अहिराणी, तेलुगू, उर्दू यांतलं काहीतरी घरी बोलणारी मुलं निघतातच. त्यांना भाषण नको, आपल्या भाषेत चार वाक्यं बोलू द्या. देवनागरीत लिहून पाठ करायला लावू नका, उच्चार मरतात. घरच्या माणसाकडून तोंडी शिकून येऊ दे.

पाटीपेन्सिल

मग क्रम असा धरतो: प्रभातफेरी आणि गीत दहा मिनिटं, फुलं वाहणं आणि सात नावांचं वाचन पाच, घटनाक्रम पंधरा, इतर मातृभाषा दहा. उर्दू बोलणाऱ्या मुलांना त्यात घेताना काही अडचण?

नदीकाठ

उलट त्यांना पहिल्यांदा घ्या. आणि घटनाक्रम वाचणाऱ्या मुलाच्या कागदावर ‘उर्दूविरुद्ध’ हा शब्द कुठे राहिलाय का, ते आदल्या दिवशी एकदा तपासून घ्या. फुलांना झेंडू चालेल, पळस मिळाला तर फार चांगलं, फेब्रुवारीअखेर तो आपल्याकडेही फुललेला असतो. फक्त फांद्या तोडू नका, खाली पडलेली फुलं गोळा करा आणि रात्री ओल्या फडक्यात ठेवा.